पाणी, पिशवी आणि 'थांबूया' : २९ आठवड्यांच्या एका बाळंतपणाचं प्रकरण

सकाळी साडेअकराला वहिनीचा फोन आला तो करंज्यांसाठी. आदल्या दिवशीच्या डोहाळजेवणातल्या उरल्या होत्या, सांगलीला कोण येणार असेल तर पाठवून देते म्हणाली, आणि बोलता बोलता अगदी सहज, "अगं पोरीला रात्रीपासनं जरा अंगावरनं पाणी जातंय, झोपवलीय तिला." मी म्हणलं किती वाजल्यापासनं. म्हणाली दोन-अडीच. म्हणजे नऊ तास झाले होते.

मी बावीस वर्षं सिस्टर होते, त्यातली चौदा लेबर रूमला, आता रिटायर होऊन सांगलीत विश्रामबागला राहते. आणि पेशंट माझी सख्खी भाची. त्यामुळं मी दोन्ही बाजूंनी बघितलंय हे, थोडं इकडचं थोडं तिकडचं झुकतं माप पडणार, समजून घ्या. भाचीला विचारूनच लिहितेय, नाव घालू नको एवढंच ती म्हणाली. हॉस्पिटलांची नावं मीच घालत नाही, कारण जे चुकलं ते कुठंही चुकू शकतं, मी ड्युटीवर असताना माझ्या हातून पण चुकलेलं आहे.

तर भाची २६ वर्षांची, पहिलटकरीण, पुण्यात सासर आणि नोकरी, सातवा लागला म्हणून माहेरी आलेली, तासगावकडं. आठवडे मोजले तर २९ आणि वर २ दिवस. बीपी नाही, शुगर नाही, पाचव्या महिन्यात एकदा लघवीचं इन्फेक्शन झालेलं ते गोळ्यांनी गेलं, बाकी सगळ्या सोनोग्राफ्या व्यवस्थित.

रात्री काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. झोपेत कूस बदलली आणि पोटात काहीतरी टचकन सुटल्यासारखं वाटलं, गाऊन ओला, खालची गोधडी ओली. तिला वाटलं लघवी झाली, लाज वाटली म्हणून कुणाला न उठवता गाऊन बदलला, परत आडवी झाली तर परत ओलं. मग वास घेऊन बघितला तर लघवीचा वास नव्हता. आईला उठवलं तर आई म्हणाली, "बाळाचं डोकं लघवीच्या पिशवीवर दाबतंय, हुतंय असं, झोप." दादा (माझा भाऊ) बागेत, फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा हंगाम, व्यापाऱ्याची गाडी पहाटे लागणार होती, त्या गडबडीत हा विषय कुणी काढलाच नाही. नऊ वाजता वहिनीनं तालुक्याच्या ठिकाणी जिथं नाव घातलं होतं त्या हॉस्पिटलला फोन केला, रिसेप्शनच्या मुलीला म्हणाली "अंगावरनं पाणी जातंय," मुलगी म्हणाली "पांढरं जातंय का? मॅडम पाच वाजता आहेत, संध्याकाळी घेऊन या."

त्या मुलीला मी फार दोष देत नाही. आपल्याकडं 'अंगावरनं जाणं' म्हणजे पांढरं जाणं, बायका दिवसात दहा वेळा हेच वाक्य बोलतात, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच पांढरंच असतं. पण तिनं एकच प्रश्न विचारला असता, की दिवस गेलेत का आणि कितवा महिना, तर सगळं बदललं असतं. गरोदर बाईच्या तोंडून 'पाणी' हा शब्द आला की तो पाणमोट (बाळाभोवतीचं पाण्याचं आवरण) फुटल्याचाच धरायचा, नसेल तर नसेल, तपासून परत पाठवायचं.

मी फोनवर विचारलं ते असं: पॅड किती भिजला, रंग कसा आहे, हिरवा लाल पिवळा काय, उठली खोकली की जास्त येतं का, बाळ हलतंय का, ताप थंडी, पोटात कळ. वहिनी म्हणाली पॅड तीन झाले, पाण्यासारखं पांढरट, उठली की भळकन येतं, बाळ हलतंय. मग म्हणलं करंज्या राहू देत, गाडी काढा. आणि वापरलेला पॅड पिशवीत घालून बरोबर घ्या. हे मी मुद्दाम सांगते कारण आपल्या बायका हॉस्पिटलला जाताना आधी आंघोळ करतात, कपडे बदलतात, पॅड फेकतात, आणि मग डॉक्टर बघतात तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही.

एक वाजता पहिल्या हॉस्पिटलला पोचले. मी सांगलीहून थेट तिथंच गेले. डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगले, पण तिथं पहिली गोष्ट झाली ती नको व्हायला होती, ग्लोव्हज घालून बोटांनी तपासणी. कळा नसताना पाणी गेलेल्या बाईची अशी तपासणी शक्यतो टाळतात, कारण बोटाबरोबर खालचे जंतू वर जायला वाट मिळते आणि बाळंतपण पण लवकर लागू शकतं. निर्जंतुक केलेलं स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) घालून नुसतं डोळ्यांनी बघायचं असतं, आत पाणी साठलेलं दिसलं की निदान झालं, शंका असेल तर निळा होणारा कागद लावतात कारण गर्भजल अल्कलीकडं झुकणारं असतं आणि योनीतला स्राव आम्लाचा. मी बोलणार होते, बोलले नाही. नातेवाईक म्हणून गेलं की आपल्याला आपल्याच खात्यात बोलायचं धाडस होत नाही, हा माझा अनुभव.

सोनोग्राफी झाली, पाण्याचं माप ४ आलं, ५ च्या खाली म्हणजे कमी. डॉक्टर बाहेर आले आणि पॅसेजमधे उभ्याउभ्या म्हणाले, "पिशवी फुटलीय, पाणी कमी झालंय, आमच्याकडं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही, मिरजेला हलवा."

वहिनी खालीच बसली. मला आधी कळेना एवढं काय, मग ती रडत रडत म्हणाली, "म्हंजी आता परत मूल न्हाई हुणार व्हय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात पिशवी म्हणजे गर्भपिशवी. शेजारच्या काकूंची 'पिशवी काढली', अमक्या बाईची 'पिशवी खाली आली', हे सगळं गर्भाशयाबद्दल. डॉक्टर पाण्याच्या पिशवीबद्दल बोलत होते, बाळाभोवतीच्या त्या पातळ पडद्याबद्दल, आणि वहिनीनं ऐकलं की पोरीचं गर्भाशय फुटलं. चौदा वर्षं लेबर रूममधे मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा बोलले असेन, "पिशवी फुटली हो, कळा येतील आता," आणि समोरच्या बाईनं त्यातलं काय ऐकलं असेल हे एकदाही मनात आलं नाही.

'पाणी कमी आहे' याचा अर्थ पण घराघरात वेगळा. संध्याकाळपर्यंत जावईबापू पुण्याहून आले ते सहा शहाळी घेऊन. पुढचे दोन दिवस पोरीला दर अर्ध्या तासानं कोणतरी ग्लास धरत होतं. पाणी प्यायला काही हरकत नाही, पण गळणारी पाणमोट पिऊन बुजत नाही. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते की बाळ कोरडं पडलं, तसं नसतं ते. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, बाळ ते तयार करत राहतं, थोडं गळतं थोडं साठतं. हे एवढं दोन वाक्यात सांगितलं असतं तरी शहाळ्यांचे पैसे वाचले असते.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, जी पहिल्या हॉस्पिटलमधे झाली आणि जी कुणाला दिसली पण नाही. पाठवताना डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं नाही. हे इंजेक्शन महाग नाही, दुर्मिळ नाही, सहा मिलिग्रॅमचे चार डोस बारा बारा तासांनी आईच्या स्नायूत, आणि बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला त्यानं जी मदत होते तेवढी दुसऱ्या कशानं होत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमधे २४ ते ३४ आठवड्यांत लवकर बाळंतपणाची शक्यता दिसली तर पुढं पाठवायच्या आधी पहिला डोस एएनएम सिस्टरनं सुद्धा द्यायला परवानगी आहे, म्हणजे उपकेंद्रात. भारतासह पाच देशांत झालेला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास २०२० मधे आला, त्यात हे इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के आणि न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. शंभरात चार बाळं. एवढा फरक पाडणारं औषध त्यांच्या लेबर रूमच्या कपाटात असणार, फक्त 'पुढचे देतील' असं वाटलं. वाटेत तासगावच्या बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मग सांगलीतलं ट्रॅफिक, मिरजेत केसपेपर, बेड, असं करत पहिला डोस साडेपाचला मिळाला. एकला मिळू शकला असता. चिठ्ठीवर पाणी कधी गेलं ती वेळ पण नव्हती, नुसतं 'लीकिंग' लिहिलेलं.

मिरजेत पोचल्यावर मला जरा हायसं वाटलं. मिरजेचं एक बरं आहे, डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून ते गाव दवाखान्यांचं, तिथल्या रिक्षावाल्याला पण एनआयसीयू कुठं कुठं आहे ते माहीत असतं. उपचार बघाल तर पहिल्या तासापासून बरोबर. स्पेक्युलम, स्वॅब, रक्त, सीआरपी (इन्फेक्शनचा अंदाज देणारी रक्ततपासणी), लघवी कल्चर, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा, डेक्सा, आणि एरिथ्रोमायसिन २५० ही अँटिबायोटिकची गोळी दिवसातून चार वेळा दहा दिवस. हे औषध असंच उचललेलं नाही, २००१ मधे ओरॅकल नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात या गोळीचा फायदा दिसला आणि को-अमॉक्सिक्लॅव्हनं मात्र बाळाच्या आतड्याला गंभीर त्रास व्हायचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यामुळं मेडिकलवाल्यानं 'त्याच कामाची भारी गोळी' दिली तर घेऊ नका. भाचीला त्या गोळीनं प्रचंड मळमळायचं, चाळीस गोळ्या तिनं उशीखालच्या वहीत काट मारून मोजल्या.

उपचार बरोबर, आणि बोलणं शून्य.

पहिल्या रात्री आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) म्हणाला, "केव्हाही सिझर लागेल, तयार रहा." सकाळी राउंडच्या ज्युनिअर डॉक्टर म्हणाल्या, "३४ पर्यंत ओढायचं बघू." दुपारी एनआयसीयूचे डॉक्टर आले, त्यांनी जावयाला बाजूला घेऊन मेंदूतला रक्तस्राव, फुफ्फुसं, डोळे, आतडं सगळं एका दमात सांगितलं आणि सही घेतली. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्याच होत्या. पण घरच्यांनी ऐकलं काय, की या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. आणि कन्सेंटचा फॉर्म इंग्रजीत, त्यावर सही नवऱ्याची, पेशंट शेजारच्या बेडवर जागी. रात्री ती मला म्हणाली, "आत्या, पाणी माझं गेलंय, आणि सगळे बोलतायत ह्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी सोळा हजार आल्या, कुणीतरी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला, पुण्यातला एक चुलत दीर म्हणाला इन्फेक्शन झालंय आणि हे लपवतायत. डेक्सा दिल्यावर पेशी तात्पुरत्या वाढतातच, हे रिपोर्ट देताना सांगायला दहा सेकंद लागतात.

तिसऱ्या दिवशी स्फोट झाला. व्याही आले, चांगले रिटायर्ड मास्तर, शांत माणूस, पण काउंटरसमोर आवाज चढवून म्हणाले, "तीन दिवस झाले नुसत्या गोळ्या देताय आणि ठोके ऐकताय, उपचार कधी सुरू करणार? नसेल जमत तर सांगा, आम्ही पुण्याला नेतो." सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, पाणी गेलेली बाई, वाटेत कळा लागल्या तर कराडच्या पुढं कुठंतरी हायवेच्या कडेला. आणि ते नेणारच होते, गाडीवाल्याला फोन झाला होता.

ह्या आजाराची गोम अशी आहे की यात उपचार म्हणजे बहुतेक वेळ थांबणं. ऑपरेशन नाही, मोठं मशीन नाही, बाई उठून बसलेली, गप्पा मारतेय, आणि डॉक्टर रोज येऊन म्हणतात "थांबूया." थांबणं आणि दुर्लक्ष बाहेरून अगदी सारखं दिसतं, कशासाठी थांबलोय, कुठपर्यंत आणि काय दिसलं की थांबणं बंद करायचं, हे कुणी सांगितल्याशिवाय फरक कळतच नाही.

युनिटच्या मोठ्या मॅडम त्या दिवशी ओटीतून आल्या, हिरवी टोपी डोक्यावरच होती. केबिनला बोलवलं नाही, भाचीच्या बेडवर पायाशी बसल्या आणि व्याह्यांना स्टूल दिलं. आधी भाचीलाच विचारलं, "तुला काय सांगितलंय आतापर्यंत?" ती जे बोलली ते ऐकून मॅडमनी ज्युनिअरकडं एकदा बघितलं फक्त. मग केसपेपरचा कोरा कागद उलटा करून त्यावर एक आडवी रेघ मारली, डाव्या टोकाला २८, उजव्याला ३७, मधे फुली मारली २९. म्हणाल्या, "बाळ इथं आहे. आज बाहेर आलं तर काचेत ठेवावं लागणार, खूप दिवस. प्रत्येक दिवस आत राहिलं तर ते इकडं सरकतं," असं म्हणून पेन उजवीकडं ओढलं. "पण दार उघडं आहे, जंतू आत जाऊ शकतात. जंतू गेले तर आईला पण धोका, मग आत ठेवण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी बाळंतपण करायचं. म्हणून आम्ही रोज दोन्ही बाजू तोलतो. हेच काम चाललंय, त्याला दिसायला काही नाही."

मग विहीणबाईंनी हळूच विचारलं, आणि हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता पण कुणी काढत नव्हतं, "मॅडम, सातव्यातलं जगतं म्हणतात, आठव्यातलं जगत नाही. मग आठवा लागायच्या आतच काढलं तर?" बघा म्हणजे. डॉक्टर आठवा लागावा म्हणून झटतायत आणि घरच्यांना तोच लागायची भीती. 'ओढूया' म्हणलं की ह्यांना वाटत होतं पोरीला मुद्दाम संकटात ढकलतायत. मॅडम हसल्या नाहीत हे मला फार आवडलं. त्यांनी रेघेवर बोट ठेवून सांगितलं की ३० पेक्षा ३२ बरं, ३२ पेक्षा ३४ बरं, ह्यात सम-विषम काही नाही, आणि आमच्या एनआयसीयूत येऊन आठव्यातली बाळं बघून जा. विहीणबाई खरंच गेल्या, काचेतून बघून आल्या, परत तो विषय निघाला नाही.

दुसरा विषय दोषाचा. झोपाळ्यावर बसवलं म्हणून, पुण्याहून गाडीनं आली म्हणून, माहेरी पायऱ्या जास्त म्हणून, असं दोन्ही घरात कुजबुजत चाललं होतं आणि भाची ते ऐकत होती. मॅडमनी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, झोपाळ्यानं पाणमोट फुटत नाही. इन्फेक्शन, आधी रक्त जाणं, आधीच्या खेपेला असंच झालेलं असणं, तंबाखू, ही कारणं माहीत आहेत, पण पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. आणि वेळेच्या इतकं आधी पाणी जाणं शंभरात साधारण तिघींना होतं, लवकर होणाऱ्या बाळंतपणांत जवळपास एक तृतीयांश ह्यामुळं. (तंबाखू म्हणलं की आपल्याकडं बायका सुटतात, कारण सिगारेट कोण ओढतं. मिश्री मात्र लावतात, आणि ती पण तंबाखूच. भाची लावत नाही, पण वॉर्डातल्या दोघी लावत होत्या, त्या दिवशी एकीनं डबी आईकडं देऊन टाकली.)

तो कागद भाचीनं बेडजवळच्या भिंतीला चिकटपट्टीनं लावला. खाली मॅडमनी मराठीत लिहून दिलं होतं की काय झालं तर लगेच बेल दाबायची, थांबायचं नाही: ताप किंवा थंडी, पाण्याला वास, रंग बदलला, पोट दुखायला किंवा दाबलं तर दुखायला लागलं, बाळ कमी हललं, रक्त, आणि खाली काही बाहेर आल्यासारखं वाटलं, म्हणजे नाळ. गाडी रद्द झाली. बेडपॅन बंद झालं, घरच्यांनी तिला अक्षरशः बेडला बांधून ठेवलं होतं, मॅडम म्हणाल्या बाथरूमला जाऊ दे, पडून राहून फायदा झाल्याचा पुरावा नाही आणि पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती वाढते.

त्यानंतरचे आठ दिवस बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ठोके, पॅड, गोळी, मळमळ, आमटी-भात.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, पॅरासिटामॉल दिली. रात्री दहाला तिनं बेल दाबली, सिस्टरला म्हणाली पाण्याला वेगळा वास येतोय आणि थंडी वाजल्यासारखं होतंय. नाइटला एकच सिस्टर, वीसेक पेशंट, तिकडं एक सिझर चाललेलं. तिनं टेंपरेचर घेतलं, ९९.२. म्हणाली "ताप नाहीये, एसी बंद करते, झोप." चार्टवर लिहिलं. तो चार्ट मी दुसऱ्या दिवशी बघितला, आणि त्या आकड्यांपुढं मला माझ्या सगळ्या नाइट ड्युट्या आठवल्या: सकाळी नाडी ८८, दुपारी ९२, संध्याकाळी १०४, रात्री ११२. ताप नाही कारण पॅरासिटामॉलनं दाबलेला. चढत गेलेली नाडी तिथंच लिहिलेली, एकाखाली एक, चार वेगळ्या अक्षरात, आणि चौघींपैकी कुणी वरचा आकडा वाचला नाही.

ह्या ठिकाणी मला सविता हलप्पनवार यांची आठवण येतेच, मिरज स्टेशनवरून जी गाडी बेळगावला जाते त्या बेळगावची मुलगी, आयर्लंडमधे गॅलवेला दंतवैद्य होती. २०१२ च्या ऑक्टोबरमधे १७ व्या आठवड्यात तिचं पाणी गेलं, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिनं गर्भपात मागितला, ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले, आणि २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसनं, म्हणजे अंगभर पसरलेल्या इन्फेक्शननं गेली. त्या देशानं पुढं २०१८ मधे मतदान घेऊन कायदा बदलला, ते सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे की सरकारी चौकशीत तेरा संधी हुकल्याचं निघालं, आणि त्यात नाडी-ताप वेळेवर न बघणं, बघितलेलं पुढं न कळवणं असल्याच साध्या गोष्टी होत्या. आपला कायदा आईचा जीव वाचवायला आडवा येत नाही, १९७१ पासूनच तशी तरतूद आहे. पण कायदा चांगला असून चार्ट कुणी वाचलाच नाही तर काय.

सकाळी सातला डे ड्युटीची सिस्टर आली, वयानं मोठी. तिनं ओव्हर घेताना चार्टवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत ओढलं, आणि चहा न घेता डॉपलर आणलं. बाळाचे ठोके १७२, म्हणजे जास्त. पोटावर हात ठेवला तर भाची कळवळली. दहा मिनिटांत मॅडमना फोन. कळा पण सुरू झाल्याच होत्या. अँटिबायोटिक्स शिरेतून, आणि बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट, ३२ आठवड्यांच्या आत देतात ते. ते देताना अंग पेटल्यासारखं होतं हे तिला आधी कुणी सांगितलं नाही, ती ओरडली, "आत्या मला जाळतायत!" नंतर त्यावरून आम्ही हसलो, तेव्हा नाही हसलो.

घरच्यांना सिझर हवं होतं, मॅडम म्हणाल्या बाळाचं डोकं खाली आहे, गर्भाशयाचं तोंड उघडलंय, नॉर्मल होईल लवकर, आणि इन्फेक्शन असताना पोट उघडणं टाळता आलं तर बरं. ह्या वेळी मात्र हे त्यांनी भाचीला सांगितलं आणि सही पण तिचीच घेतली. दुपारी बारा चाळीसला मुलगी झाली. ३१ आठवडे जवळपास पूर्ण. वजन १४८० ग्रॅम. रडली, बारीक, मांजरीच्या पिलासारखी, पण रडली.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ते बोलल्या. "रात्री तिनं सांगितलं होतं. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं, आमचं चुकलं. आई बरी होईल, बाळाला सात-आठ तासांचा फरक पडला का ते मी सांगू शकत नाही." व्याही मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सिस्टरला ओरडू नका, एकटी होती." तिसऱ्या दिवशी काउंटरवर आवाज चढवणारा हाच माणूस.

बाळ ३४ दिवस एनआयसीयूत होतं. चार दिवस सीपॅप (नाकातून दाबानं हवा देऊन श्वासाला आधार), मग नळीनं दूध, मग वाटी-चमच्यानं. भाची दर तीन तासांनी दूध पिळून न्यायची, पहिल्या दिवशी तळाला जेमतेम पिवळे थेंब, ती रडली, तिथल्या सिस्टरनं ते सिरिंजमधे घेतलं आणि म्हणाली "हेच सोनं." मग कांगारू, उघड्या छातीवर, जावयानं पण धरलं, शर्टाची बटणं काढताना लाजत होता. तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली, वेळेआधीच्या बाळांत ती चुकवायची नाही, पडदा खराब होत असेल तर तेव्हाच कळतं. नंतर कानाची. बिल मोठं झालं, ते दोन्ही घरांनी मिळून भरलं. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, गाडी आणि आजारी नवजात बाळाचे उपचार पण मोफत आहेत, हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. त्या गडबडीत सुचलं नाही, तीस दिवसांनी सांगून काय उपयोग.

मुलगी आता चौदा महिन्यांची आहे, अकराव्या महिन्यानंतर पाऊल टाकायला लागली म्हणजे दुरुस्त वयानं (बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेल्या) अजिबात उशीर नाही. तो रेघेचा कागद तिच्या फाइलमधे आहे, चिकटपट्टीसकट.

दरम्यान मी पहिल्या हॉस्पिटलला एकदा जाऊन आले. भांडायला नाही. सगळ्या वेळा एका कागदावर लिहून नेल्या, डॉक्टरांना दाखवल्या: अडीच, नऊ, एक, साडेपाच. त्यांनी आधी जरा तोंड वाकडं केलं, मग स्वतःच नऊ आणि साडेपाचला गोल केलं. डेक्सा आता रेफरच्या ट्रेमधे ठेवतात असं त्यांच्या सिस्टरकडून कळलं, आणि रिसेप्शनच्या फोनजवळ काहीतरी लिहून लावलंय म्हणे. खरं-खोटं बघावं म्हणून मागच्या आठवड्यात मी दुसऱ्या नंबरवरून फोन केला, म्हणलं, "पोरीला अंगावरनं पाणी जातंय."

"दिवस गेलेत का? कितवा महिना?" तिकडून लगेच.

सातवा म्हणलं तर म्हणाली, "पॅड घालून लगेच आणा, वापरलेला पॅड बरोबर आणा, मी डॉक्टरांना देते फोन." आणि मग होल्डवर ठेवून पाच मिनिटं तुणतुणं ऐकवलं.